मारम्माच्या तेराची धाव

मारम्माच्या तेराचं चाक वळणावर फुटलं, आणि फुटल्या क्षणापासून शिवाप्पा आचारी सांगत सुटला की लोखंड ढिलं होतं. मी सांगितलं, लाकूड ओलं होतं. तेर म्हणजे देवीचा रथ, आणि आचारी म्हणजे इकडं सुतार, स्वयंपाकी नव्हे. तो तिरका होऊन देवी भर रस्त्यात अडकली, माणसं दोर टाकून उभी, आणि आम्ही दोघं चाकाच्या दोन बाजूंना उभं राहून एकमेकांची कुळं काढत होतो. त्याला वर्ष झालं. तेव्हापासून शिवाप्पा माझ्याशी बोलत नव्हता, आणि मी त्याच्या सुतारशाळेकडं थुंकतही नव्हते. थुंकायलासुद्धा तोंड तिकडं करावं लागतं.

आमचं गाव होन्नेदोड्डी. इलेक्ट्रॉनिक सिटीचा लांबलचक पूल उतरून थोडं आत आलं की उंच उंच इमारतींच्या मधे चिंचेचं एक झाड दिसतं, त्याच्याखाली आमची भट्टी. आम्ही मूळचे निपाणीकडचे लोहार. माझ्या सासऱ्याचा बाप बायकोपोरं आणि ऐरण गाडीत घालून इकडं आला, तेव्हा गावानं देवळाशेजारी जागा दिली ती एका बोलीवर: तेराचं लोखंड लोहारानं सांभाळायचं. पुढं गावातला कुंभार गेला, घोंगडी विणणारे गेले, रेशमाचे किडे पाळणाऱ्यांनी तुतीची रानं काढून तिथं भाड्याच्या खोल्या उठवल्या. भट्टी आणि सुतारशाळा एवढे दोनच धंदे उरले, त्यांचंही पटेना. आमच्याकडं आता बैलगाड्या येत नाहीत. शहाळंवाल्यांचे कोयते येतात, बांधकामावरच्या छिन्न्या येतात. धार लावून द्यायची. कामाला काय लाज.

उन्हाळा लागला तसा देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष नागराज भट्टीवर आला. पांढरी शर्टपँट, हातात दोन फोन. बसायला ऐरणीशेजारचा ठोकळा दिला तर आधी त्याच्यावर रुमाल टाकला. म्हणाला, कारखान्यात पोलादी चाकं तयार मिळतात, वरून रबर लावलेली, तेर आवाज न करता पळतं. मी विचारलं, देवीला चोरून कुठं जायचंय का, आवाज न करता. तो हसला. मग खरी गोष्ट सांगितली. म्हातारी माणसं जुन्याच चाकासाठी अडून बसली होती, म्हणून कमिटीनं ठरवलं होतं की लोहारानं आणि आचाऱ्यानं मिळून एक चाक करावं. जत्रेच्या आधी रिकामं तेर वळणापर्यंत ओढून बघायचं. चाक टिकलं तर बाकीची तीनही आमचीच आणि भट्टी जागच्या जागी. नाही टिकलं तर चाकं कारखान्यातली, आणि चिंचेखाली गाड्या लावायला शेड.

"मिळून म्हणजे?" मी विचारलं.

"मिळून म्हणजे मिळून, चंद्राक्का."

आमचे मालक कोयत्याला धार लावत होते. त्यांनी मानही वर केली नाही. आमच्या घरात ते ठोकतात, बोलायचं खातं माझ्याकडं.

तर शिवाप्पा दुसऱ्या दिवशी हजर. भट्टीच्या उंबऱ्यावर उभा राहून मालकांना म्हणाला, नागोजण्णा, लाकूड माझं माळ्यावर वाळत पडलेलं आहे, बाभळीचं आहे, हे घरातल्या माणसांना सांग. घरातलं माणूस मीच, त्याच्यासमोर हातभर अंतरावर. मी मालकांना म्हटलं, त्याला सांगा, आधी आणून दाखव. मालकांनी दोघांनाही काही सांगितलं नाही. लाकूड आलं. मी बोटाच्या हाडानं प्रत्येक पाटा वाजवून पाहिला, नाकाशी धरला, उन्हात फिरवला. कुठं चीर नाही, ओल नाही. असा राग आला मला. वर्षभर शिव्या साठवून ठेवाव्यात आणि वापरायला जागा मिळू नये.

त्यानं चाक बांधायला घेतलं. मधला तुंबा, त्यातून बाहेर आलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पाट्यांचं गोल कडं. माझ्या छातीला लागेल एवढं चाक. पण हे सगळं नुसतं एकमेकांत अडकवलेलं असतं, हलवलं तर कुरकुरतं. त्याला एकजीव करते ती वरून चढणारी लोखंडाची कडी. तिला आमच्यात धाव म्हणतात. धाव लाकडाच्या घेरापेक्षा जराशी लहान ठेवायची, तापवून लाल करायची म्हणजे ती फुगते, तशीच चाकावर उतरवायची आणि लगेच पाणी. गार होताना ती असं आवळते की आरा आऱ्याला ओळख देतो. लहान जास्त ठेवली तर चाक मोडतं, मोठी राहिली तर गेल्या वर्षीसारखं. म्हणजे गेल्या वर्षी तसं झालं नव्हतं, पण शिवाप्पा म्हणतो तसं.

लोखंडाची पट्टी चामराजपेटेतून टेंपोनं आली. ती वाकवून गोल झाली, पण दोन टोकं जोडायची तर भट्टीत पांढरी करून घणाखाली घालावी लागतात. नागराज म्हणाला, वेल्डिंगवाला बोलावतो, पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, आणि जोड सुटला तर त्याचा बाप येणार का देवीपुढं उभा राहायला.

घण आमच्यात बायकाच मारतात. पुरुष एका हातात सांडस धरून लोखंड फिरवतो, दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीनं ठोकून दाखवतो, इथं, इथं, आणि बाईनं तिथं घण टाकायचा. मी सून होऊन आले ती घणावरच आले. पण त्या दिवशी घण डोक्यावर गेला आणि उजवा खांदा असा कडाडला की घण माझ्याच पाठीमागं जमिनीत रुतला. लोखंड पांढऱ्याचं पिवळं झालं. मालकांनी ते परत निखाऱ्यात सारलं. दुसऱ्यांदा उचलला तर कमरेच्या वर येईना. शिवाप्पा बाहेर रंधा मारत होता, त्याचा रंधा थांबला. ते थांबणं मला घणापेक्षा जास्त लागलं.

तेवढ्यात संयोगिता कंपनीतली पाळी संपवून घरी आली. ही आमची सून, गडहिंग्लजची. माझा मुलगा अजिंक्य कंपनीची बस चालवतो, त्याच बसनं ही कामाला जाते. तिथं दिवसभर डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं मुंगीएवढे तुकडे हिरव्या पट्टीवर बसवते. गळ्यात फोटोचं कार्ड. भट्टीच्या धुरानं तिला शिंका येतात. तिनं माझ्याकडं पाहिलं, घणाकडं पाहिलं, ओढणी कमरेला बांधली आणि घण उचलला.

पहिला घाव ऐरणीच्या कडेवर बसला. दांडा झिणझिणला असणार, कारण तिनं दात आवळले. मी म्हटलं, तुझ्या आईनं भाकरी तरी थापायला शिकवली होती का. दुसरा लोखंडावर पडला पण तिरका. मी म्हटलं, असा तिरका मारून माहेरी वेळू फोडत होतीस वाटतं. ती थांबली. घाम पुसला.

"आत्याबाई, तुम्ही जरा कमी ओरडा. मला मामांची हातोडी ऐकू येत नाही."

मालक हसले. लग्न झाल्यापासून माझ्यासमोर हा माणूस किती वेळा हसलाय ते माझं मला माहीत. मी भात्याच्या पंख्यापाशी जाऊन गप्प बसले. मग हातोडी टिक् आणि घण धाड्, हातोडी टिक् आणि घण धाड्. ठिणग्या तिच्या पंजाबी ड्रेसवर उडत होत्या, ती मागं सरकली नाही. जोड बसला तेव्हा तिच्या तळहातांवर फोड आले होते आणि ती वेड्यासारखी हसत होती. मी तिला हळद-तेल दिलं. लावून दिलं नाही, वाटी पुढं सरकवली.

आता पाणी. बोअरवेल आटलेली, सगळा भाग टँकरवर. इमारतींमधून अंघोळीच्या बादल्यांवरून भांडणं चाललेली, तिथं तापलेल्या लोखंडावर ओतायला कोण देणार. आमच्या वरच्या खोल्यांत पुण्याचे श्रीकांत आणि विद्या भाड्यानं राहतात. श्रीकांत म्हणाला, "काकू, डोंट वरी. सॅटर्डेच आहे. महादेवपुऱ्याची आमची सगळी मराठी गँग बोलावतो, प्रत्येक जण एकेक बादली घेऊन येईल." मी म्हटलं, बादली आणा आणि हातही आणा, गावची पोरं कंपन्यांत गेलीत, सांडस धरायला माणूस नाही. तो इतका खूश झाला की त्यानं लगेच फोनवर कुणाकुणाला कळवलं.

शनिवारी सकाळी देवळापुढच्या मोकळ्या जागेत शेणी गोल रचल्या, मधे धाव ठेवली, वरून पुन्हा शेणी. पेटवलं. सगळं गाव जमलं. नागराजनं बघ्यांसाठी देवळाच्या कट्ट्यावर मज्जिगेचं पिंप ठेवलं होतं, पातळ ताक, कडीपत्ता-मोहरीची फोडणी दिलेलं. गँग आली, टोप्या, काळे चष्मे, गाडीच्या डिकीत बादल्या. मी त्यांना चाकाभोवती उभं केलं. चार सांडशी होत्या: एक मालकांकडं, एक शिवाप्पाकडं, एक श्रीकांतकडं आणि एक त्याच्या जाड्या मित्राकडं, त्याला सगळे बंडू म्हणत होते. थंड कडी घेऊन रंगीत तालीम अगोदरच झाली होती. संयोगिता हातांना फडकी गुंडाळून घण घेऊन तयार. विद्या गच्चीवरून व्हिडिओ काढत होती.

ऊन डोक्यावर, समोर जाळ. राखेतून धाव डोकावली, कुंकवासारखी लाल. मालकांनी मान हलवली. चार सांडशी आत गेल्या, धाव उचलली गेली, हवेत थरथरत आली. तिच्या वाटेवर माणसांची तोंडं भाजून मागं होत होती. चाकावर आली. खाली गेली.

तीन बाजूंनी बसली. श्रीकांतच्या बाजूला दोन बोटं वर अडकली. लाकूड भपकन पेटलं. एवढ्यात उचलून सरळ केली तर ठीक, नाही तर चाक कोळसा. मी होता नव्हता तेवढा जीव गळ्यात आणून ओरडले,

"श्रीकांत, धाव. धाव, धाव."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग सांडस टाकली आणि धावला.

खरंच धावला. रस्त्याच्या दिशेनं, टोपी उडाली तरी थांबला नाही. त्याला पळताना बघून आणि माझं ओरडणं ऐकून सगळी गँग धावली. बादल्या लवंडल्या, पाणी मातीत गेलं. वरून विद्या ओरडायला लागली, धावा, धावा. बंडू मायाळू पोरगा, त्यानं आमच्या मालकांचा दंड धरला, काका चला म्हणाला, आणि त्यांना ओढत पार इडलीच्या गाड्यापर्यंत नेलं. मालकांच्या हातात सांडस तशीच, पाय जमिनीला लागत नव्हते.

मी वळून बघते तर चाकापाशी एकच पुरुष उभा. शिवाप्पा.

जन्म आमच्या ऐरणीशेजारी गेला तरी त्याला मराठीतलं आलं ते एवढंच: घण, सांडस, धाव आणि माझ्या शिव्या. धाव म्हणजे लोखंड. त्या शब्दाला दुसरा अर्थ असतो हे त्याच्या गावीच नव्हतं. मी धाव म्हटलं आणि त्यानं धाव धरली. डोळे मिटलेले, मिशीची टोकं जळत होती, पण सांडस सोडली नाही. मी श्रीकांतची सांडस उचलली, अडकलेल्या जागी घातली. खांदा ओरडला, त्याला म्हटलं नंतर ओरड. त्यानं तिकडून रेटलं, मी इकडून उचललं, कडी सरकली.

"संयोगिता," एवढंच मी म्हणाले.

ती ज्वाळेतच शिरल्यासारखी आली. धाड्. एक पाऊल बाजूला. धाड्. हातोडी दाखवायला मालक नव्हते. ती स्वतःच बघत होती कुठं वर आहे, आणि तिथंच घण पडत होता. धाव बसत गेली. पण लाकूड चारी बाजूंनी पेटलं होतं आणि पाणी थेंबभर नव्हतं.

कट्ट्यावर नागराज दोन्ही फोन हातात धरून उभा होता. मी कानडीत ओरडले, मज्जिगे हाकु, ओत इकडं. तो म्हणाला, अक्का, ते लोकांसाठी आहे. शिवाप्पानं त्याला जी शिवी दिली ती मराठी होती आणि माझी होती. नागराजनं फोन खिशात टाकले. पिंप मिठीत घेऊन पांढऱ्या शर्टानिशी धावत आला आणि ओतलं. सगळं.

असा फुफाटा उठला. वाफेच्या ढगात माणूस माणसाला दिसेना. जळलेल्या दुधाचा, कडीपत्त्याचा, मोहरीचा वास, लग्नाच्या मांडवासारखा. आणि त्या ढगाच्या आतून आवाज येऊ लागला. कट्. कुर्र कट्. लोखंड आवळत होतं, पाटा पाट्याला भिडत होता, आरे तुंब्यात बसत होते. मी श्वास धरून ऐकत होते. समोर शिवाप्पाही मान कलती करून ऐकत होता. शेवटचा कट् आला आणि सगळं गप्प झालं.

"अक्का, पाय," शिवाप्पा म्हणाला.

वर्षानंतरचा पहिला शब्द. माझ्या लुगड्याचा काठ धुमसत होता. त्यानं पिंपाच्या तळाशी राहिलेलं ताक त्याच्यावर उपडं केलं. मी म्हटलं, मेल्या, फोडणीसकट ओतलंस. मग त्यानं लाकडी मोगरी घेऊन एकेक आरा वाजवला. सगळ्यांचा एक सूर. एका पाट्याची कड काळी पडली होती, बस्स. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, गेल्या खेपेला एक आरा स्वल्प ओला असेल. मी म्हटलं, असेल काय, होताच. आणि धाव? त्यानं विचारलं. मी म्हटलं, तिचं नंतर बघू. पण म्हणताना मला हसू आलं आणि त्याला ते दिसलं.

गँग एकेक करून परत आली. श्रीकांत तोंड पाडून म्हणाला, "काकू, तुम्हीच म्हणालात ना, धाव म्हणून."

"मी धावेला धाव म्हणाले, बाबा. तुला सांगायचं असतं तर पळ म्हटलं असतं."

मालक इडलीच्या गाड्यावरून चालत आले. चाकाभोवती एक फेरी मारली, बसले, हात लावला. चटका बसला तरी हात काढला नाही. मग सुनेच्या हातातला घण घेऊन स्वतः भट्टीत ठेवून आले. आमच्यात पुरुष घण उचलून ठेवत नाही.

नागराजच्या मनात मात्र अजून किंतु होता. ताकानं विझवलेलं चाक देवीला चालतं का, त्याच्या शर्टाचं काय, असलं बरंच. म्हणाला, ठरल्याप्रमाणं ओढून बघू, मग बोलू.

सोमवारी सकाळी तेराला चाक लावलं. देवी आत नव्हती, नुसता लाकडी गाडा, वर वेळूचा सांगाडा, तरी त्याच्या वजनानं डांबरावर खळगे पडत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. कामावर निघालेलीसुद्धा दुचाकी थांबवून उभी. दोर जमिनीवर पसरले. आमच्याकडं एक रीत आहे: ज्यानं चाक केलं त्यानं चाकाशेजारून चालायचं, उघडा तळहात आसाच्या टोकाशी ठेवून. चाक गेलं तर आधी तो जाईल, असा त्याचा अर्थ. आचाऱ्याच्या घरचा एक, लोहाराच्या घरचा एक. लोहाराच्या घरचा हात घण मारणारीचा. मी आजवर दुसऱ्या कुणाला तिथं पाऊल टाकू दिलेलं नाही.

शिवाप्पा येऊन उभा राहिला होता, अर्धी मिशी कापलेली. नागराजनं विचारलं, लोहाराचं कोण. लोकांनी मला वाट करून दिली. मी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले होते, डोक्यावर पदर. दोन पावलं पुढं गेले आणि हात लांब केला. खांदा वर आला नाही.

मागं संयोगिता उभी होती. गळ्यात कार्ड, पाठीला पिशवी, कंपनीची बस गाठायला निघालेली. तळहातांवरचे फोड फुटून लाल झालेले. घण कुणाचा पडला हे सगळ्या गावानं पाहिलं होतं आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं.

मी म्हटलं, "ते गळ्यातलं काढ. जा तिथं."

"बस जाईल, आत्याबाई."

"बस रोज जाते."

तिनं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. चाकापाशी गेली, लाल तळहात आसावर टेकवला. शिवाप्पानं तिला पायताण काढायची खूण केली. तिनं काढलं.

आणि मला कळेना मी कुठं उभं राहायचं. सगळ्या जत्रांत माझी जागा ठरलेली. आता ढोल सुरू झाला, माणसं मला ढकलून पुढं जात होती, एका बाईनं दोराचं टोक माझ्या डाव्या हातात कोंबलं, ओढ गं म्हणाली. मी धरला. तेर हललं. सगळ्या रस्त्याच्या पायाखाली घरघर आली. वळण आलं, जिथं गेल्या वर्षी देवी अडली होती. दोर ताणला, माणसं वाकली, तेर एका अंगावर झुकलं आणि सगळं वजन नव्या चाकावर आलं. मला चाक दिसत नव्हतं, मधे पाठीच पाठी. मला सुनेचा चेहरा दिसत होता. तिनं खाली बघितलं नाही, वर बघितलं नाही, ती ऐकत होती. मग तिचा चेहरा फुलला.

तेर वळलं. नागराज पुढं येऊन दोन्ही हात वर करून ओरडत होता, साकु, साकु, बस झालं, मिळाली तुम्हाला चाकं, थांबा. पण ढोलवाला थांबेना. श्रीकांत, बंडू, कंपनीला उशीर झालेली पोरं, दुचाकीवरून उतरलेल्या मुली, सगळ्यांचे हात दोराला. तेर देवळाच्या पुढं निघालं, चिंचेच्या पुढं निघालं, इमारतींच्या गेटांवरून वॉचमन बघत राहिले. नागराज म्हणाला, अक्का, तुम्ही तरी सोडा.

मी म्हटलं, खांदा दुखतोय, हात सुटत नाही, आणि ओढत राहिले.